रात्री अकराला सुटणाऱ्या लेकीने पुण्यात कुठे राहावे?

वाचकाचे पत्र: माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात ती पुण्यात खराडीच्या एका आयटी कंपनीत रुजू होत आहे. एक आठवडा सकाळची पाळी आणि एक आठवडा दुपारी दोन ते रात्री अकरा, असे कामाचे स्वरूप आहे. राहण्यासाठी चार जागा समोर आहेत. सदाशिव पेठेत ओळखीच्यांच्या वाड्यातली एक खोली, कोथरूडला माझ्या मावसबहिणीचे घर, विमाननगरला कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरती, जागा आणि वाघोलीत दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट. तिचे बाबा म्हणतात, पेठेशिवाय कुठेही नाही, तिथे आपली माणसे आहेत. लेक म्हणते, कंपनीजवळच राहीन. आम्ही पुण्याला लग्नकार्यापुरते येणारे. यातला सर्वांत सुरक्षित भाग कोणता, आणि तिने कोणत्या भागांपासून लांब राहावे, याची यादी द्याल का?
एक आई, जालना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. चारही जागांची माहिती तुम्ही नीट दिली आहे, म्हणून आधी उत्तर सांगते आणि मग कारणे. पहिल्या सहा महिन्यांसाठी मी विमाननगरची जागा घेईन, मात्र ती इमारत एकदा रात्री पाहिल्याशिवाय डिपॉझिट भरणार नाही. ती मनास आली नाही, तर तुमच्या मावसबहिणीचे कोथरूड. सदाशिव पेठेतली खोली या नोकरीला जुळत नाही, आणि वाघोलीचा फ्लॅट आत्ता तरी नको.

तुमच्या यजमानांना हे पटायला वेळ लागेल, आणि त्यांचा पेठेवरचा विश्वास निराधार आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. माझे माहेर नारायण पेठेतले. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजले की समोरच्या काकू दार किलकिले करून ‘कोण पाहिजे?’ असे विचारत, आणि त्या एका प्रश्नात अख्ख्या वाड्याची राखण होत असे. सदाशिव पेठेत आता वाडे थोडे उरले आहेत, पण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी राज्यभरातली मुले-मुली तिथे राहतात, आणि त्यांच्या अभ्यासिका, मेस, चहाच्या टपऱ्या यांमुळे ते रस्ते उशिरापर्यंत जागे असतात. 27 जून 2023 रोजी सकाळी याच पेठेत एका तरुणीवर तिच्या ओळखीच्याच मुलाने कोयता उगारला, ती जीव घेऊन धावत सुटली, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाने मध्ये पडून तिला वाचवले. पेठेत असे काही होत नाही, हा आम्हा पुणेकरांचा समज त्या दिवशी मोडला. पण रस्त्यावर माणसे असली की काय होऊ शकते, हेही त्याच सकाळी दिसले.

असे असूनही मी ती खोली नको म्हणते, कारण तुमच्या लेकीच्या दिनक्रमात ती खोली बसत नाही. पेठेपासून खराडीचे आयटी पार्क तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. रात्री अकराला सुटून, कॅबमध्ये चौघांना ठिकठिकाणी सोडत सोडत ती पेठेत पोचेल तेव्हा बारा वाजून गेलेले असतील. जुन्या वाड्यांचा दिंडीदरवाजा पुष्कळ ठिकाणी रात्री लवकर बंद होतो. पहिले आठ दिवस घरमालक उठून दार उघडतील, नंतर कपाळाला आठ्या पडतील, आणि मग त्या आठ्या टाळण्यासाठी मुलगी रात्री मैत्रिणीकडे राहू लागेल किंवा किल्लीसाठी फोन लावत बोळात उभी राहील. मुलींनी सांजवेळी घरात असावे म्हणून घातलेली ही दाराची वेळ दुसऱ्या पाळीच्या मुलीला मात्र नेमकी रस्त्यावर उभी करते. त्यात वाडा फार जुना असेल तर आणखी एक चौकशी करावी लागते. महापालिका दर पावसाळ्यापूर्वी मोडकळीस आलेल्या वाड्यांना नोटिसा देते, तशी या वाड्याला आली होती का, हे संकोच न करता विचारा.

आता मूळ मुद्दा. आपण ‘भाग सुरक्षित आहे का’ असे विचारतो, तेव्हा डोळ्यांपुढे घर आणि गल्ली असते. पुण्यात नोकरदार मुलींच्या बाबतीत सर्वांना हादरवून गेलेल्या दोन घटना मात्र कुठल्याही वस्तीत घडल्या नाहीत, त्या वाटेत घडल्या. नोव्हेंबर 2007 मध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीला तिला न्यायला आलेल्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंजेच्या दिशेने नेऊन ठार केले. ऑक्टोबर 2009 मध्ये खराडीत काम करणारी एक संगणक अभियंता संध्याकाळी घरी जाण्यासाठी थांबली होती, सोडतो असे सांगून एका कॅबचालकाने तिला गाडीत घेतले, आणि ती घरी पोचली नाही. या दोघी राहत होत्या तो भाग चांगला होता की वाईट, या प्रश्नाला इथे काही अर्थच उरत नाही. तुम्हाला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. कंपनीच्या दारापासून घराच्या दारापर्यंतचा रस्ता जितका लांब, जितका तुकड्यातुकड्यांचा आणि जितका दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून, तितकी जोखीम वाढते, एवढेच मला सांगायचे आहे.

या रस्त्याची जबाबदारी कायद्याने कंपनीवरही टाकली आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला काम द्यायचे असेल तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेबरोबरच तिला राहत्या घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. दारापर्यंत, हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘मुख्य रस्त्यावर सोडू, आत गाडी येत नाही’ असे कुणी म्हणाले तर ते लेकीने मान्य करू नये. रुजू होण्याच्या दिवशीच तिने वाहतूक पाहणाऱ्या विभागाला तीन गोष्टी विचाराव्यात: शेवटी उतरणारी कर्मचारी स्त्री असेल तर गाडीत सुरक्षारक्षक असतो का, गाडी कुठे आहे हे कंपनीला दिसते का, आणि एखाद्या दिवशी काम एक वाजेपर्यंत लांबले तर गाडी मिळते का. ही उत्तरे हाती आली की चारपैकी कोणती जागा घ्यायची, हे तुम्हाला माझ्याशिवायही ठरवता येईल.

विमाननगरचे नाव मी का घेतले, ते सांगते. गेल्या वर्षी माझी भाची असाच शोध घेत होती. दुपारी पाहिलेल्या दोन जागा तिला आवडल्या, आणि त्याच रात्री सव्वाअकराला आम्ही दोघी पुन्हा तिथे गेलो. पहिली जागा दत्तमंदिर चौकापासून चालत पाच मिनिटांवर होती. वाटेत एक मेडिकल उघडे होते, पुढे अंडाभुर्जीच्या गाडीभोवती सातआठ जण उभे होते आणि त्यात तीन मुली होत्या, इस्त्रीवाला शटर अर्धे ओढून आत कपड्यांच्या घड्या घालत होता, आणि इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमनने आम्हाला थांबवून वहीत नाव लिहायला लावले. दुसरी जागा भाड्याने दोन हजारांनी स्वस्त आणि खोली मोठी. दिवसा ती गल्ली शांत वाटली होती, पण रात्री शांततेचे कारण कळले: एका बाजूला रिकाम्या प्लॉटचा पत्रा, दुसऱ्या बाजूला बांधकाम, दोन दिव्यांपैकी एक बंद, आणि दीडशे पावलांत एकही उघडे दार नाही. भाची पहिल्या जागेत राहिली. दोन्ही जागा विमाननगरच्याच होत्या, आणि मधले अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. म्हणूनच मी वर ‘ती इमारत रात्री पाहिल्याशिवाय’ असे लिहिले आहे.

विमाननगरात परगावच्या विद्यार्थ्यांची आणि नोकरदारांची वस्ती मोठी आहे, त्यामुळे रात्री साडेअकराला एकट्या मुलीने परत येणे तिथे कुणाला नवल वाटत नाही, आणि हे फार मोठे सुख आहे. खराडी जवळ असल्याने कॅब लवकर पोचवते. उणिवाही आहेत. भाडे जास्त, शेजार सतत बदलणारा, आणि तापाने दोन दिवस पडली तर पेज करून देणारी काकू तिथे मिळेलच असे नाही. कॉट बेसिसच्या जागेत एका खोलीत तीन-तीन मुली असतात आणि त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्या की झोपेचे हाल होतात. तिथेही दाराच्या वेळेचा नियम असतोच, म्हणून पाळीच्या मुलींना रात्री प्रवेश आहे हे तोंडी न ठेवता लिहून घ्या. बजेट कमी पडत असेल तर खराडीला लागूनच चंदननगर आहे. दिसायला विमाननगरासारखे नीटनेटके नाही, दाटीवाटीचे आहे, पण भाजी बाजार, मेस, दवाखाने हाताशी आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरे आहेत. ती जागा तुमच्या यादीत नव्हती, तरी पाहून ठेवायला हरकत नाही.

कोथरूडबद्दल माझ्या मनात ओलावा आहे, तो लपवत नाही. शेजारच्या कर्वेनगरात, म्हणजे पूर्वीच्या हिंगण्यात, महर्षी कर्व्यांनी 1900 साली झोपडी उभारून विधवा मुलींच्या शिक्षणाचा आश्रम हलवला, आणि तेव्हापासून परगावहून शिकायला आलेल्या मुली दिसणे हे त्या परिसराच्या अंगवळणी पडले आहे. घर मावसबहिणीचे, जेवण घरचे, आणि वनाजहून रामवाडीपर्यंत थेट मेट्रो. ही मार्गिका 6 मार्च 2024 पासून रामवाडीपर्यंत धावते, सकाळच्या पाळीला तिचा चांगला उपयोग होईल, मात्र रामवाडीपासून खराडीपर्यंत पुढे बस किंवा रिक्षा करावी लागेल. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात परत येताना मेट्रोच्या भरवशावर राहता येणार नाही, तेव्हा कंपनीची गाडी कोथरूडपर्यंत येते का, यावर सगळे अवलंबून आहे. येत असेल, तर पहिले दोन महिने मावशीकडे राहून शहर कळून घ्यायचे आणि मग विमाननगरला जायचे, हाही मार्ग उत्तम. फक्त मावशीशी एकदा मोकळेपणाने बोला. रोज बाराला येणाऱ्या भाचीसाठी तिला जागावे लागणार आहे, आणि आपल्या माणसांत ही गोष्ट आधी बोलली गेली नाही तर नंतर न बोलताच साचत जाते.

वाघोलीचा मोह मी समजू शकते. त्याच पैशात हॉल, दोन बेडरूम आणि मैत्रिणींची सोबत. मैत्रिणी असणे ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु वाघोली 2021 साली महापालिकेत आली, इमारती आधी उभ्या राहिल्या आणि रस्ते, पाणी, दिवे मागून येत आहेत. अनेक सोसायट्या टँकरवर चालतात. नगर रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ फार आहे. डिसेंबर 2024 मध्ये केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून डंपर गेला आणि त्यात दोन चिमुकली मुलेही गेली. मुलगी स्कूटी घेणार असेल, तर छेडछाडीपेक्षा या डंपरांची धास्ती मला जास्त वाटते, आणि पालकांच्या यादीत ही भीती क्वचितच असते. एकदा रस्ते ओळखीचे झाले, कंपनीची गाडी सोसायटीच्या फाटकापर्यंत येते याची खात्री झाली, की वर्षभराने वाघोलीचा विचार जरूर करावा.

तुम्ही मागितलेली यादी मात्र मी देणार नाही, आणि याचे कारण तुम्हाला पटावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. एकट्या बुधवार पेठेचे उदाहरण घ्या. दगडूशेठ गणपती तिथे आहे, पुस्तकांसाठी आपण जातो तो अप्पा बळवंत चौक तिथे आहे, आणि जिचे नाव घ्यायला लोक कचरतात ती वेश्यावस्तीही त्याच पेठेत आहे. मग बुधवार पेठ ‘चांगली’ म्हणायची की ‘वाईट’? येरवडा म्हटले की लोकांना तुरुंग आणि झोपडपट्ट्या आठवतात. शेजारचे कल्याणीनगर म्हणजे उच्चभ्रू, म्हणून सुरक्षित. पण 19 मे 2024 च्या पहाटे भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडले ते कल्याणीनगरात. जिथे पब आणि महागड्या गाड्या आहेत तिथे मध्यरात्रीनंतर रस्त्यावर वेगळ्या प्रकारचा धोका असतो, आणि तो झोपडपट्टीच्या बोळात नसतो. कोथरूडच्या सुतारदऱ्यात 5 जानेवारी 2024 रोजी भरदिवसा एका गुंडावर गोळ्या झाडल्या गेल्या, पण ते गुन्हेगारांचे आपसातले वैर होते आणि त्यावरून भाडेकरू मुलीसाठी कोथरूड असुरक्षित ठरवणे चुकीचे होईल.

पोलीस ठाण्यांचे आकडेही जपून वाचावे लागतात. तुळशीबागेसारख्या गर्दीच्या बाजारात मोबाईल आणि पाकिटे जास्त चोरीला जातात, म्हणून तिथल्या ठाण्याचा आकडा फुगलेला दिसतो, तर जिथे लोक तक्रारच नोंदवत नाहीत तो भाग कागदावर शांत दिसतो. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एजंट जेव्हा ‘वस्ती चांगली आहे, ताई’ असे म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ तिथे कोणत्या जातीधर्माची माणसे राहतात एवढाच असतो. कोंढव्याविषयी किंवा येरवड्याविषयी तुमच्या कानावर जे आले असेल, त्यातले बरेचसे याच प्रकारचे आहे. तिथेही मुली रात्री कामावरून घरी येतात, त्यांच्याही आया वाट पाहतात, आणि त्यांना घर नाकारण्याच्या कामी हाच ‘चांगली वस्ती’ हा शब्द वापरला जातो. आपण त्या शब्दावर आपल्या लेकीची सुरक्षितता उभी करू नये.

सुरक्षिततेत पाणीही येते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या याच पेठा पाण्याखाली गेल्या आणि सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, सहकारनगर परिसरात हाहाकार केला. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले, आणि जानेवारी 2025 मध्ये त्याच रस्त्यावरील नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागांत गुईलेन बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, आणि तिचा संबंध दूषित पाण्याशी लावला गेला. तेव्हा जागा कुठलीही असो, तळमजला टाळावा, जवळ ओढा किंवा नाला आहे का ते पाहावे, आणि पिण्याचे पाणी नळाचे, टँकरचे की बोअरचे, हे मालकाला न विचारता तिथे राहणाऱ्या मुलींना विचारावे.

कागदपत्रांत कसूर नको. भाडेकरार नोंदणीकृत असणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते. कॉट बेसिसवाले पुष्कळदा नुसती पावती देतात, तशी असली तरी तिच्यावर मालकाचे नाव, पत्ता आणि डिपॉझिटची रक्कम असावी. घरमालक, वॉचमन आणि जवळचे पोलीस ठाणे यांचे क्रमांक तुमच्याही फोनमध्ये असू द्या, आणि 112 हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक लेकीने घरच्या क्रमांकासारखा पाठ करावा.

सदाशिव पेठेतल्या त्या ओळखीच्या कुटुंबाला मात्र दूर लोटू नका. खोली नाकारताना त्यांना सांगा की शहरातले वडीलधारे म्हणून त्यांचेच नाव कंपनीत दिले आहे, आणि लेकीला महिन्यातून एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाऊ द्या. तिच्या बाबांना हवी असलेली ‘आपली माणसे’ तिला अशीही मिळतील.

शेवटी पहिल्या खेपेबद्दल. जालन्याहून रात्री निघणाऱ्या ट्रॅव्हल्स नगर रस्त्याने येतात आणि पहाटे चार-साडेचारला वाघोली किंवा खराडी बायपासला प्रवासी उतरवतात. त्या वेळी हातात दोन बॅगा, अनोळखी चौक, आणि ‘कुठे जायचंय?’ विचारत येणारे चारदोन लोक. 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे स्वारगेट स्थानकात गावी जाणाऱ्या तरुणीला ‘तुमची बस तिकडे लागली आहे’ असे सांगूनच बंद बसमध्ये नेले गेले, हे तुम्हीही वाचले असेल. त्यात तिची काहीच चूक नव्हती, पहाटे विचारपूस करणाऱ्यावर तिने साधा विश्वास ठेवला, एवढेच. म्हणून पहिल्या वेळी सकाळची एसटी घ्या, तुम्ही दोघेही तिच्यासोबत या, आणि त्या रात्री लगेच परत फिरू नका. तिची दुसरी पाळी ज्या दिवशी सुरू होईल त्या रात्री अकराला तुमच्यापैकी एकाने त्या इमारतीच्या फाटकाशी उभे राहावे, गाडी कुठे थांबते, दिवा कुठवर पोचतो आणि वॉचमन जागा आहे का, ते पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने जालन्याला निघावे.